क्रूझच्या डायनिंग रूममध्ये काय घालावे: नाशिकहून निघणाऱ्यांसाठी

क्रूझला जायचे ठरले की आमच्याकडे नाशिकच्या घरांत पहिली काळजी सुरू होते ती सुटाची. ट्रॅव्हल कंपनीने दिलेल्या कार्यक्रमपत्रिकेत सातपैकी दोन रात्रींपुढे ‘फॉर्मल’ असा शब्द छापलेला असतो. तो वाचून घरातील पुरुष आपल्या किंवा मुलाच्या लग्नात शिवलेला सूट कपाटातून काढून अंगावर चढवून पाहतात, तो पोटाशी बसत नाही हे उघड होते, आणि मग कॉलेज रोडच्या दुकानांतून नव्या ब्लेझरचा शोध सुरू होतो. बायका त्याच वेळी इव्हिनिंग गाऊन म्हणजे नेमके काय आणि तो आपल्याला शोभेल का, या विचारात पडलेल्या असतात. तीन सफरी झाल्यानंतर, आणि नात्यातील बऱ्याच जणांच्या बॅगा भरताना शेजारी बसल्यानंतर, माझे मत असे झाले आहे की ही काळजी चुकीच्या जागी केली जाते. फॉर्मल रात्री आपली माणसे सहसा चुकत नाहीत, कारण समारंभाला नटून जाण्याची आपल्याला लहानपणापासून सवय असते. चुकतात ती ज्या रात्रीपुढे ‘कॅज्युअल’ असे लिहिलेले असते त्या रात्री.

आमच्या पहिल्याच सफरीत, सिंगापूरहून सुटलेल्या जहाजावर, हे घडले. आमच्या ट्रॅव्हल कंपनीच्या कागदावर ‘इतर दिवशी कॅज्युअल चालेल’ एवढेच वाक्य होते. त्याच्या भरवशावर माझे धाकटे दीर तिसऱ्या संध्याकाळी गुडघ्याखाली चार बोटे उतरणारी थ्री-फोर्थ पँट, टूरकडून मिळालेला पिवळा टी-शर्ट आणि त्याच रंगाची टोपी अशा वेषात डायनिंग रूमच्या दाराशी आले. दाराशी उभ्या असलेल्या मुलीने आधी हातातील टेबलांच्या यादीत पाहिले, मग हसून, आवाज खाली आणून सांगितले की टेबल आपलेच आहे, मात्र कृपया फुल पँट घालून यावे, नाही तर वरच्या मजल्यावरील बुफे उघडाच आहे. भाऊजींना ते लागले. ते त्या रात्री बुफेत जेवले आणि आम्ही सात जण त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत खाली जेवलो. माझ्या मते चूक त्या मुलीची नव्हती आणि भाऊजींचीही नव्हती. आपल्याकडे कॅज्युअल हा शब्द एक तर रजेला लागतो, नाही तर घरात घालायच्या कपड्यांना, आणि जहाजावर मात्र त्याचा अर्थ ‘आज टाय-कोटाची सक्ती नाही’ एवढाच असतो. हा फरक त्या कागदावर एका ओळीत लिहिता आला असता.

जागा आणि वेळ

पोशाखाचा नियम संपूर्ण जहाजाला नसतो. तो ठरावीक जागेला आणि ठरावीक वेळेला असतो, हे एकदा लक्षात घेतले की निम्मा गोंधळ मिटतो. मोठ्या जहाजावर तिकिटाच्या पैशांत होणारे जेवण मुख्यतः दोन ठिकाणी मिळते. एक मुख्य डायनिंग रूम, जिथे पांढऱ्या चादरीच्या टेबलावर वाढपी येऊन वाढतो, आणि दुसरा बुफे, जो बहुतेक जहाजांवर वरच्या मजल्यावर, पोहण्याच्या तलावाच्या आसपास असतो. याशिवाय वेगळे पैसे भरून जाण्याची एक-दोन लहान रेस्तराँ असतात, आणि तिथे बहुतेक कंपन्या रोजच नीटनेटक्या पोशाखाची अपेक्षा ठेवतात. बुफेत दिवसभर हाफ पँट, टी-शर्ट, साधी सपाता असे सर्व चालते. मात्र ओला पोहण्याचा पोशाख आणि अनवाणी पाय तिथेही चालत नाहीत, ही गोष्ट मुलांना बोर्डिंगच्या दिवशीच सांगून ठेवावी.

मुख्य डायनिंग रूममध्येही सकाळचा नाश्ता आणि दुपारचे जेवण बहुतेक जहाजांवर साध्या कपड्यांत होते. नियम लागू होतो तो संध्याकाळच्या जेवणाला, साधारण सहाच्या सुमारास. ज्यांनी ठरावीक वेळेचे जेवण निवडलेले असते त्यांच्यासाठी बहुधा दोन पंगती असतात: पहिली साडेपाच ते सहाच्या दरम्यान आणि दुसरी आठ ते साडेआठच्या दरम्यान. कपड्यांच्या दृष्टीने यातील निवड महत्त्वाची आहे, आणि बुकिंग करताना तिचा विचार फार थोडे जण करतात. ज्या दिवशी जहाज बंदराला लागते त्या दिवशी आपण गाव पाहून चार-साडेचारला घामाघूम परत येतो. पहिली पंगत असेल तर तासाभरात चौघांच्या अंघोळी एका चिंचोळ्या न्हाणीघरात उरकून तयार व्हावे लागते, आणि मग ‘असू दे, हेच कपडे चालतील’ असे म्हणण्याचा मोह होतो. नाशिकला आठ-साडेआठला जेवणाऱ्या कुटुंबाने दुसरी पंगत घ्यावी, असे मी नेहमी सुचवते.

दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम आदल्या संध्याकाळी कागदावर केबिनमध्ये येतो किंवा जहाजाच्या मोबाइल ॲपवर दिसतो. रॉयल कॅरिबियन कंपनी या पत्रकाला ‘क्रूझ कंपास’ म्हणते. त्यात त्या रात्रीचा पोशाख छापलेला असतो. ट्रॅव्हल कंपनीच्या कागदापेक्षा या पत्रकावर विश्वास ठेवावा, कारण हवामानामुळे एखादे बंदर रद्द झाले तर फॉर्मल रात्र मागेपुढे सरकू शकते. सात रात्रींच्या सफरीत अशा रात्री बहुधा दोन असतात, आणि त्या शक्यतो जहाज दिवसभर समुद्रातच असते अशा दिवशी ठेवतात, कारण त्या दिवशी तयारीला सर्वांना वेळ मिळतो. यातली पहिली रात्र बऱ्याचदा प्रवासाच्या दुसऱ्याच दिवशी येते.

प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी

फॉर्मल रात्रीला आता प्रत्येक कंपनी फॉर्मल म्हणतेच असे नाही. कार्निव्हल कंपनी ‘क्रूझ एलिगंट’ म्हणते आणि उरलेल्या रात्रींना ‘क्रूझ कॅज्युअल’. हॉलंड अमेरिका ‘ड्रेसी’ हा शब्द वापरते. सेलिब्रिटी कंपनीने 2015 च्या अखेरीस जुन्या पद्धतीच्या फॉर्मल रात्री बंद करून त्यांच्या जागी ‘इव्हिनिंग शिक’ आणले, ज्यात सूट घातला तरी चालतो आणि चांगली जीन्स व ब्लेझर घातला तरी चालतो. ओशिॲनिया कंपनी ‘कंट्री क्लब कॅज्युअल’ असे म्हणून मोकळी होते. कंट्री क्लब आमच्यापैकी किती जणांनी पाहिला आहे कोण जाणे, पण कॉलरचा शर्ट आणि फुल पँट असा त्याचा अर्थ घेतला तर अडत नाही. नॉर्वेजियन कंपनीने 2000 साली ‘फ्रीस्टाइल’ पद्धत आणली आणि तेव्हापासून तिथे सुटाची सक्ती कोणत्याच रात्री नसते; ज्यांना नटायचे आहे त्यांनी नटावे, इतरांनी नीटनेटके यावे. व्हर्जिन व्हॉयेजेसच्या जहाजांवर ड्रेस कोड असा नाहीच, फक्त एका रात्री सर्वांनी लाल काही तरी घालावे अशी प्रथा आहे, आणि त्यासाठी आपल्याकडे लाल साडी किंवा लाल कुर्ता शोधावा लागत नाही.

दुसऱ्या टोकाला क्युनार्ड ही जुनी ब्रिटिश कंपनी आहे. तिचे ‘क्वीन मेरी 2’ हे जहाज 2004 पासून साउथॅम्प्टन आणि न्यूयॉर्क यांच्या दरम्यान अटलांटिक पार करते. सात रात्रींच्या त्या प्रवासात साधारणपणे दोन ‘गाला’ संध्याकाळी असतात, त्यातील एखादी काळ्या-पांढऱ्या रंगांची तर एखादी मुखवट्यांची असते, आणि पुरुषांकडून टक्सीडोची, म्हणजे बो-टायवर घालायच्या काळ्या समारंभी सुटाची, किंवा निदान गडद सुटाची अपेक्षा असते. तिथे हा नियम केवळ डायनिंग रूमपुरता राहत नाही. संध्याकाळी सहानंतर जहाजाच्या बहुतेक सार्वजनिक दालनांत तो लागू होतो, आणि ज्यांना नटायचे नाही त्यांच्यासाठी बुफेसारख्या काही जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात. मुलगा-सून परदेशात असलेली आणि एका बाजूचा प्रवास हौसेने जहाजाने करू पाहणारी काही कुटुंबे मला माहीत आहेत. त्यांनी या जहाजाचा नियम नीट वाचूनच बॅग भरावी.

मुंबईच्या बॅलार्ड पियरवरून सुटणाऱ्या सफरींचे वातावरण याच्या अगदी उलट आहे. कॉर्डेलिया कंपनीचे जहाज 2021 पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप अशा दोन ते पाच रात्रींच्या सफरी करते. आजूबाजूला बहुतेक आपलीच माणसे असतात, आणि डायनिंग रूममध्ये पैठणीच्या शेजारच्या टेबलावर जीन्स दिसते. पहिली क्रूझ म्हणून नाशिककरांनी हीच घ्यावी असे मला वाटते, कारण इथे कपड्यांचा अंदाज कमी खर्चात येतो. तरीही संध्याकाळच्या जेवणाला हाफ पँट व स्लिपर टाळण्याची शिस्त इथूनच लावून घेतली तर पुढे परदेशी जहाजावर जड जात नाही.

फॉर्मल रात्रीसाठी आपले कपाट पुरेसे आहे

आता सुटाकडे वळू. ज्यांच्याकडे अंगाला बसणारा गडद सूट आहे त्यांनी तो अवश्य न्यावा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी केवळ दोन संध्याकाळींसाठी तो विकत घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगते. क्युनार्डसारख्या कडक कंपनीच्या नियमांतही आपापल्या देशाचा समारंभी पोशाख फॉर्मल म्हणून मान्य आहे, आणि आपल्याकडे तो भरपूर आहे: बंदगळा, शेरवानी, किंवा इस्त्रीचा रेशमी कुर्ता आणि त्यावर जाकीट. माझ्या यजमानांनी तिन्ही सफरींत एकच काळा बंदगळा नेला, तो आमच्या मेन रोडवरील शिंप्याने लग्नसराई संपल्यावर निवांतपणे शिवून दिला होता, आणि आतून कोणताही फुल बाह्यांचा शर्ट घातला तरी भागते हा त्याचा मोठा गुण आहे. त्याहून सोपा मार्ग म्हणजे नेहरू जाकीट. पांढरा किंवा फिकट फुल शर्ट, गडद पँट, काळे बूट आणि त्यावर गडद नेहरू जाकीट एवढ्यावर क्युनार्डची गाला रात्र वगळता कोणतीही फॉर्मल रात्र सहज निभावते, शिवाय बॅगेत ते दोन शर्टांएवढीच जागा घेते.

टक्सीडोचे आपल्याला उगाच दडपण येते. तो शब्द मुळात न्यूयॉर्कजवळच्या टक्सीडो पार्क नावाच्या वस्तीवरून आलेला आहे. तिथल्या श्रीमंतांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आखूड कोट रूढ केला आणि गावाचे नाव कपड्याला चिकटले. पैठणला जे झाले तेच तिथे झाले, इतकेच.

पैठणीचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे सविस्तर लिहिते, कारण येवला आमच्याच जिल्ह्यात असल्यामुळे नाशिकच्या बहुतेक घरांत एक तरी पैठणी असते आणि जहाजावर ती न्यावी की नाही हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. न्यावी, पण एकच, आणि शक्यतो हलक्या पदराची. फॉर्मल रात्री पैठणी नेसलेल्या बाईला आणखी काही करावे लागत नाही, ती दालनातील कोणत्याही गाऊनच्या बरोबरीची ठरते. अडचण येते ती चालताना. जहाज उभ्या-आडव्या लाटांवर फार हळू डुलत असते, ते बसलेल्या माणसाला जाणवत नाही, परंतु गुळगुळीत जिन्यावरून उतरणाऱ्याला जाणवते. माझ्या जाऊबाईंचा निऱ्यांचा पुडका पहिल्या फॉर्मल रात्री नेमका अशा जिन्यावर, तिसऱ्या पायरीशी, टाचेखाली आला आणि सगळ्या निऱ्या कंबरेतून सुटल्या. त्यांनी एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने साडी धरून ठेवली, मी खालच्या पायरीवर उभी राहून आडोसा केला, आणि माझ्या मंगळसूत्राला लावलेली सेफ्टी पिन काढून आम्ही त्या निऱ्या परकराला टाचल्या. तेव्हापासून मी सांगते की निऱ्यांना आतून दोन मोठ्या पिना लावाव्यात, एक कमरेशी आणि एक त्याखाली वीतभर. साडी घोट्याच्या किंचित वर नेसावी. आणि टोकदार टाचांऐवजी रुंद, बुटक्या टाचांची चप्पल घालावी.

पदर मोकळा न सोडता चुण्या घालून खांद्यावर पिन करावा, कारण वाढपी नेहमी खांद्यामागून वाकून वाढतो आणि मोकळा पदर त्याच्या हातातील सूपच्या वाटीच्या वाटेत येतो. बसल्यावर तो आपण होऊन नॅपकिन उलगडून मांडीवर पसरतो. त्यात संकोच वाटून घेऊ नये, उलट भारतीय पदार्थ मागवले असतील तर दुसरा नॅपकिन मागून घ्यावा. हळदीचा डाग रेशमावरून जहाजात निघत नाही आणि घरी परतेपर्यंत तो पक्का होतो. डायनिंग रूममध्ये वातानुकूलन इतके थंड असते की रेशमी साडीतही दुसऱ्या पदार्थापर्यंत खांदे गार पडतात, म्हणून रंगाला जुळणारी एक पातळ शाल जवळ ठेवावी. सासूबाई अशीच शाल संध्याकाळी नऊवारीवर घेत होत्या आणि त्यांना कधी कोणी काही विचारले नाही.

दागिन्यांबाबत एवढेच की केबिनमधील तिजोरी लहान असते आणि सोने घरी ठेवलेले बरे. मोत्यांची चिंचपेटी किंवा तन्मणी पैठणीवर पुरेसा होतो.

पुरुषांची चूक बहुतेक वेळा पायांत असते. बंदगळ्याखाली पांढरे स्पोर्ट्स शूज मी आमच्याच गटात दोघांच्या पायांत पाहिले. एक काळ्या चामड्याचा बूट न्यावा आणि तोच सर्व संध्याकाळी वापरावा. कुर्त्याखाली कोल्हापुरी शोभते हे मला मान्य आहे; पण दाराशी उभ्या असलेल्या परदेशी मुलीला कोल्हापुरी आणि समुद्रकिनाऱ्यावरची चप्पल यांतील फरक समजावत बसण्यापेक्षा मोजडी घालावी, आणि ती निघण्यापूर्वी आठवडाभर घरात घालून मऊ करून घ्यावी.

साध्या संध्याकाळी काय चालत नाही

खरी काळजी घ्यायची ती इथे. ‘स्मार्ट कॅज्युअल’ किंवा नुसते ‘कॅज्युअल’ लिहिलेल्या संध्याकाळी पुरुषांनी कॉलरचा शर्ट किंवा कॉलरचा टी-शर्ट, फुल पँट आणि बंद पादत्राणे घालावीत, एवढे केले की बहुतेक कंपन्यांच्या डायनिंग रूमचे दार उघडे असते. अर्ध्या बाह्यांचा शर्ट पँटबाहेर सोडला तरी हरकत नसते. सुती कुर्ता आणि जीन्स उत्तम दिसते. जीन्स बहुतेक कंपन्यांना चालते. फाटकी, भोके पाडलेली किंवा कापून आखूड केलेली चालत नाही, मग ती दुकानातून तशीच विकत घेतलेली का असेना. पोहण्याचे कपडे, व्यायामाची किंवा खेळाची चड्डी, बाह्या नसलेला बनियनवजा शर्ट, ट्रॅक पँट आणि रबरी सपाता हे संध्याकाळच्या डायनिंग रूमसाठी बाद समजावे. थ्री-फोर्थबद्दल कंपन्यांमध्ये मतभेद आहेत आणि काही जहाजांवर ती खपून जाते. परंतु खपून जाणे म्हणजे चालणे नव्हे, म्हणून मी तिला बाद यादीतच ठेवते. टूरने दिलेला गटाचा टी-शर्ट दिवसा बंदरावर एकमेकांना शोधायला उपयोगी पडतो, पण टेबलावर सोळा पिवळे टी-शर्ट शेजारी शेजारी बसलेले फार चांगले दिसत नाहीत. टोपी जेवताना काढावी; पगडी, फेटा किंवा धर्माची टोपी यांचा या नियमाशी संबंध नाही.

बायकांना इथे सोपे जाते. सलवार-कमीज, कुर्ती आणि लेगिंग, सुती किंवा खादीची साडी, साधा लांब ड्रेस असे काहीही कॅज्युअल संध्याकाळी बसते. एकच गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्याकडे सोसायटीच्या दाराशी भाजीवाला आला की गाऊनवर ओढणी घेऊन खाली जायची सवय असते, आणि केबिनचा दरवाजा घरासारखा वाटू लागला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी तीच सवय जहाजाच्या पॅसेजमध्ये आणि तिथून बुफेपर्यंत पोहोचते. झोपायचा गाऊन, नाइट सूट आणि आंघोळीनंतरचा बाथरोब हे केबिनबाहेर नेऊ नयेत, सकाळच्या चहालासुद्धा नेऊ नयेत. हे मी कोणाला हिणवण्यासाठी लिहीत नाही. पहिल्या सफरीत पहाटे साडेसहाला चहाच्या शोधात मी स्वतः तशी गेले होते आणि लिफ्टच्या आरशात स्वतःला पाहून परत फिरले.

अंदाज घेण्यासाठी मी नात्यातील सर्वांना एक घरगुती माप सांगते. केळवणाला जाताना जे घालतो ते कॅज्युअल संध्याकाळी घालावे. लग्नाच्या स्वागत समारंभाला जे घालतो ते फॉर्मल रात्री घालावे. आणि रविवारी सकाळी घरात जे घालतो ते केबिनमध्ये ठेवावे. या मापाने सात रात्रींसाठी एका पुरुषाला दोन फुल पँट, चार शर्ट, एक कुर्ता, एक जाकीट किंवा बंदगळा आणि एक बूट पुरतो. बाईला एक रेशमी साडी, एक सणाचा ड्रेस आणि तीन-चार कुर्त्या पुरतात. पाच कॅज्युअल संध्याकाळींत एखादा पोशाख पुन्हा आला तरी कोणी मोजत नाही. लहान मुलांकडे कंपन्या फारशा काटेकोरपणे पाहत नाहीत, पण दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलाला एक फुल पँट द्यावीच.

इस्त्री आणि पहिली संध्याकाळ

आगीच्या धोक्यामुळे जहाजावर केबिनमध्ये इस्त्री न्यायला बंदी असते, आणि कपड्यांना वाफ देणारे लहान यंत्रही तपासणीत काढून घेतात. काही कंपन्यांच्या जहाजांवर, उदाहरणार्थ क्युनार्ड, प्रिन्सेस आणि कार्निव्हल यांच्याकडे, प्रवाशांना स्वतः वापरता येईल अशी धुण्याची व इस्त्रीची खोली असते. रॉयल कॅरिबियनकडे ती नसते आणि तिथे पैसे देऊन कपडे लाँड्रीत द्यावे लागतात. म्हणून फॉर्मल रात्रीचे कपडे नाशिकलाच कडक इस्त्री करून घ्यावेत. पैठणी मलमलच्या कापडात गुंडाळून बॅगेच्या मधल्या थरात ठेवावी. बंदगळा उलटा करून, खांद्यात खांदा घालून, मध्ये वर्तमानपत्राचा नव्हे तर साध्या पांढऱ्या कागदाचा एक ताव घालून घडी करावा, कारण छपाईची शाई कापडाला लागते. केबिनमध्ये शिरल्यावर सर्वांत आधी हे दोन कपडे हँगरला लावावेत. अंघोळ करताना न्हाणीघराच्या दाराला टांगले तर वाफेने किरकोळ सुरकुत्या निघून जातात. हँगर मोजकेच असतात, चार घरून न्यावेत.

बोर्डिंगच्या दिवशी मोठ्या बॅगा धक्क्यावरच हमालांच्या ताब्यात द्याव्या लागतात आणि त्या केबिनच्या दाराशी यायला बऱ्याचदा संध्याकाळ होते. ज्यांची पहिली पंगत असते त्यांची बॅग कधी कधी जेवणानंतरच येते. पंचवटी एक्स्प्रेसने किंवा पहाटे गाडीने कसारा घाट उतरून मुंबईला पोहोचलेल्या माणसाच्या अंगावर तोपर्यंत सकाळपासूनचे कपडे असतात. त्यामुळे पहिल्या संध्याकाळचा एक पोशाख, आणि पायातही चप्पल असेल तर बूट, हातातल्या पिशवीतच ठेवावा. पहिली रात्र सहसा फॉर्मल नसते. जुन्या काळी अटलांटिकवरील जहाजांतसुद्धा पहिल्या आणि शेवटच्या रात्री नटायचे नाही अशी रीत होती, कारण पहिल्या रात्री पेट्या उघडलेल्या नसत आणि शेवटच्या रात्री त्या बांधून झालेल्या असत.

दाराशी अडवले तर

वाद घालू नये. दाराशी उभा असलेला कर्मचारी नियम करत नाही, आणि त्याच रात्री आत हाफ पँट घातलेला एखादा गोरा पाहुणा बसलेला दिसला तरी त्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नसतो. कोणाला आत सोडले जाते आणि कोणाला नाही यात सरसकट सारखेपणा नसतो, हे मीही पाहिले आहे आणि मला ते खटकते. परंतु टेबल आपल्यासाठी राखलेले असते आणि कपडे बदलून यायला दहा मिनिटे लागतात. एखाद्याला नटण्याचा मनापासून कंटाळा असेल तर त्याने बुफेत जेवावे किंवा केबिनमध्ये जेवण मागवावे. त्यात कमीपणा काही नाही, आणि बऱ्याच जहाजांवर मेनूतील काही पदार्थ दोन्हीकडे तेच असतात. ज्या वृद्धांना गुडघ्यांमुळे बूट घालता येत नाहीत त्यांनी पहिल्याच दिवशी डायनिंग रूमच्या मुख्य व्यवस्थापकाला भेटून तसे सांगावे. सासूबाईंसाठी आम्ही ते सांगितले तेव्हा त्याने टेबलाच्या नोंदीवर एक खूण केली आणि त्यांच्या मऊ चपलांचा विषय पुन्हा निघाला नाही.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा झोपण्यापूर्वी केबिनबाहेर ठेवायच्या असतात, बहुधा अकराच्या आत. त्या उचलून नेल्या की सकाळी बंदरावर उतरेपर्यंत पुन्हा हाती लागत नाहीत. म्हणून जेवून आल्यावर आधी सकाळचे कपडे, आतले कपडे धरून, आणि सकाळचे बूट खुर्चीवर काढून ठेवावेत, घरातील प्रत्येकाने आपापली खुर्ची पाहून खात्री करावी, आणि मगच बॅगेची चेन लावावी.